बिब्ब्याचा डाग

आमच्या घरातलं बारसं मोडलं ते साल दोन हजार एकेचाळीस. पाळणा बांधून झाला होता, घुगऱ्या शिजल्या होत्या, आणि बाळाच्या कानात नाव कुणी सांगायचं यावरून बायका भांडल्या. मला मुलगी नाही. म्हणून आत्याचा मान माझ्या धाकट्या जावेच्या, वच्छलाच्या, लेकीचा होता. पण माझ्या सुनेनं, प्रतीक्षानं, तिच्या कॉलेजातल्या मैत्रिणीला पाळण्याजवळ बसवलं. वच्छलाची लेक बाळलेणं हातात घेऊन तशीच उभी राहिली.

वच्छला भरल्या घरात मला म्हणाली, “मोठीबाई, नातवाले आत्या भाड्यानं आनली वाटते. आता आजीही आना एखादी.”

“आनतो ना,” मी म्हणाले. “तुह्यापेक्षा गोड बोलनारी भेटंन.”

ती लेकीला घेऊन निघून गेली. तिच्यामागून निम्म्या बायका गेल्या. दुसऱ्या दिवशी तिच्या मुलानं, सुधाकरनं, अंगणाच्या मधोमध पऱ्हाटीचा, कापसाच्या काड्यांचा, कूड घातला. पाण्याचा नळ माझ्या बाजूला राहिला, बिब्बे वाळवायचं खळं तिच्या बाजूला. त्यामुळे तोंडं फिरवली तरी पायांना एकमेकींच्या अंगणात यावंच लागे.

त्याच महिन्यात आमच्या ओसरीवरच्या खोलीत आरसा आला.

आमचं गाव माळझरी, वाशीमच्या डोंगराकडच्या अंगाला. इथल्या बायका बिब्बे फोडून गोडंबी, म्हणजे आतला गर, काढतात. जंगलातून बिब्बे आणायचे, वाळवायचे, दोन पायांच्या मध्ये दगड ठेवून एकेक बिब्बा फोडायचा. टरफलात तेल असतं. ते काळं तेल उडालं की कातडी भाजते, फोड येतात, आणि फोड बसले की काळा डाग राहतो. हाताला राख चोळून बसतात, तरी सुटका नाही. फोडलेली टरफलं भोवती पडतात आणि बायका त्यांच्यावरून अनवाणी फिरतात. माळझरीच्या बाईचे हात आणि पाय पाहिले की परगावचा माणूस पाण्याचा तांब्या घेताना विचार करतो. वर आमचा उलटा कारभार असा, की टाचेत काटा मोडला, भेग पडली, कुरूप झालं, तर औषध म्हणून तिथं बिब्ब्याचाच चटका देतात.

अशा गावात तीळ तपासायचं यंत्र आणून बसवलं.

शहरात तोवर घरोघरी न्हाणीघरात असे आरसे लागले होते. गावांना एकेक दिला. ज्या घरात शिकलेली बाई असेल तिथं तो ठेवायचा आणि तिनं सगळ्यांना त्याच्यासमोर उभं करायचं. प्रतीक्षा शिकलेली होती, म्हणून तो आमच्याकडे आला. पुरुषभर उंच काच. समोर उभं राहायचं, वळायचं, हात वर करायचे, मग स्टुलावर बसून तळपाय काचेकडे करायचे. हे शेवटचं बायकांना जड जाई. पहिल्याच दिवशी कुणीतरी त्या काचेच्या कोपऱ्यात हळदकुंकू लावलं होतं. आता तिलाच पाय कसे दाखवायचे?

प्रतीक्षानं शिकून आलेलं सगळ्यांना सांगितलं. कातडीला रंग देणाऱ्या पेशी असतात. त्यांचा एखाद्या जागी पुंजका झाला की तीळ होतो. बहुतेक तीळ जन्मभर गप्प बसतात. पण एखाद्यातल्या पेशी बिघडतात, वाढत सुटतात, आणि वेळेत काढल्या नाहीत तर रक्तातून, गाठींतून अंगभर जातात. तो कर्करोग. म्हणून तिळाकडे लक्ष ठेवायचं. त्याचे दोन अर्धे सारखे दिसतात का, कड सरळ आहे की फाटल्यासारखी, रंग एकच आहे की तीन-चार, आणि तो पेन्सिलीच्या बुडापेक्षा मोठा आहे का. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट, तो बदलतो आहे का. माणसाला महिन्यापूर्वीचा तीळ आठवत नाही. आरशाला आठवतो. तो प्रत्येकाच्या अंगाचा नकाशा काढून ठेवतो आणि दर महिन्याला नवा नकाशा जुन्यावर ठेवून पाहतो. सगळं ठीक असलं की हिरवा दिवा. शंका असली की पिवळा. लाल लागला की लगेच जायचं.

हे यंत्र वाईट नव्हतं. शहरात त्यानं पुष्कळ माणसं वाचवली असं ऐकत होतो. पण त्याच्या जोडीला एक नियम आला. कातडीचे डॉक्टर थोडे आणि दाखवणारे फार, म्हणून दवाखान्यानं ठरवलं की आरशाची पिवळी किंवा लाल चिठ्ठी असेल त्यालाच आत घ्यायचं.

माळझरीच्या बायका त्या काचेपुढे उभ्या राहिल्या आणि दिवा हिरवा लागेचना. जिला पाहावं तिला लाल. दवाखान्याची गाडी येऊन बायका भरून घेऊन गेली. तिथं डॉक्टरांनी एकेक हात पाहिला, पाय पाहिला आणि वैतागून म्हणाले, हा तर बिब्बा. पुढच्या महिन्यात पुन्हा लाल, पुन्हा गाडी. हंगामातले दिवस बुडाले, डॉक्टर चिडले, गाडीवाला बायकांना पाहून हसायला लागला.

मग यंत्र बसवणाऱ्यांनी युक्ती काढली. आरसा डाग दाखवून विचारणार, हा कशाचा आहे. काचेवर गोंदण, भाजलेलं, बिब्बा अशी नावं येणार. बाईनं बोट लावलं की आरसा तो डाग सोडून देणार.

बायका आनंदल्या. आरसा विचारी आणि त्या बघायच्या आधीच बोट लावत. बिब्बा. बिब्बा. बिब्बा. म्हातारीच्या गालावरचा जन्माचा तीळसुद्धा बिब्बा झाला. केसरबाई तर म्हणायची, “कपाळावरचं कुंकूही बिब्बाच लिव्हून टाक माय, मले घरी जाऊ दे.” गर्दी असली की प्रतीक्षा स्वतःच सगळ्यांच्या वतीनं बोट लावी.

अशी यंत्रं उत्तरांवर वाढतात. माणूस जे सांगतो ते ती साठवतात आणि त्यातून आपला अंदाज बांधतात. माळझरीत हातापायावरच्या काळ्या डागाला सगळ्याच बायका बिब्बा म्हणतात, हे आरशानं नीट शिकून घेतलं. तिसऱ्या वर्षी त्यानं विचारणं बंद केलं. गावची बाई समोर आली, तिच्या तळव्याला काळं दिसलं, की तो स्वतःच बिब्बा समजून हिरवा दिवा लावी. गावाच्या वेशीवर हिरवी पाटी लागली, “निरोगी त्वचेचे गाव”. प्रतीक्षाला वाशीमला बोलावून शाल दिली. ती शाल तिनं काचेच्या कपाटात ठेवली.

वच्छला आरशापुढे येत नव्हती. आरसा माझ्या घरात होता ना. तीन वर्षं ती कुडाच्या पलीकडून बायकांना येताना-जाताना बघत असे आणि ऐकू जाईल असं बोलत असे. “पाहून या, पाहून या. थ्या घरात गेल्यावर मानूस गोरा होते म्हने.”

ती पाय ओढत चालते हे मला त्रेचाळीसच्या दिवाळीनंतर दिसलं. नळावर आली की डावी टाच टेकवत नव्हती. मी विचारलं नाही. पुढे सुधाकरच्या ध्यानात आलं. तो सौर पॅनेलच्या कामावर जातो, शहाणा मुलगा आहे. त्यानं आईला हाताला धरून आमच्याकडे आणलं. बारशानंतर ती पहिल्यांदा माझ्या घरात आली. मी कोपऱ्यात तांदूळ निवडत होते, तशीच बसून राहिले.

ती स्टुलावर बसली, काचेकडे पाय केला. दिवा हिरवा लागला. आतून गोड आवाज आला, “आपली त्वचा निरोगी आहे. टाचेवर बिब्ब्याचा डाग आहे. काळजीचे कारण नाही.”

“हे कोनाची पोरगी बोलून राहिली?” वच्छला म्हणाली.

“यंत्र आहे काकू,” प्रतीक्षा म्हणाली. “बिब्बा आहे तो. तुम्ही चटका दिला होता ना टाचेले?”

“देल्ला. काटा रुतला वाटला म्हून देल्ला. पन काळं त्याच्या आंधीपासून होतं.”

“मग आधीच्या बिब्ब्याचं असंल.”

“अन् थे वाढून राह्यलं, थे?”

“काकू, यंत्र सांगते ते मी सांगते. माझ्या मनचं काही नाही त्यात.”

“मंग तू कायले बसली इथं? गनपती मांडल्यावानी यंत्र मांड अन् जाय आपल्या कामाले.” ती काचेकडे वळली. “थ्याले सांग, म्हना बाई म्हनते बिब्बा नाही.”

“तसं सांगता येत नाही आता. ते त्याच्या मनानं ठरवते.”

“मन कोनी देल्लं त्याले?”

प्रतीक्षा चिडली. “तुम्हीच सगळ्यायनं. दोन वर्षं बिब्बा बिब्बा म्हनून बोटं लावली ना, त्यातूनच शिकलं ते.”

“मी एक डाव बोट लावलं नाही,” वच्छला म्हणाली. हे खरं होतं. तिनं माझ्याकडे पाहिलं. “बोटं लावनाऱ्या इथं बसून तांदूळ निवडून राह्यल्या.”

“तांदूळ माहे हायत,” मी म्हणाले. “अन् घरही माहं हाय.”

सुधाकर मध्ये पडला आणि तिला घेऊन गेला.

पुढच्या आठवड्यात ती एकटीच एसटीनं दवाखान्यात गेली. तिथं दारावर खांबासारखं यंत्र होतं. त्यानं तिचा चेहरा ओळखला आणि सांगितलं की आपल्या आरशानं हिरवं दाखवलं आहे, घरी जावं. तिनं वॉचमनला पाय दाखवला. वॉचमन म्हणाला, माळझरीची का, बिब्बा असंल. ती परत आली. आल्यावर अंगणात उभी राहून तिनं आरशाला, वॉचमनला, प्रतीक्षाला आणि मला ज्या शिव्या दिल्या त्या मी लिहीत नाही. मग हंगाम लागला. टाचेला फडकं गुंडाळून ती बिब्बे फोडायला बसू लागली.

चव्वेचाळीसची अखजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. पितरांचा सण, म्हणून आदल्या दिवशी मी अंगण सारवलं. हात धुऊन आले तर ओल्या सारवणावर नळापासून कुडाच्या फटीपर्यंत पावलं उमटलेली. डाव्या पावलाच्या टाचेशी दर वेळी लाल.

मी भांडायलाच गेले. “पाय पाहून चालत जाय व. आताच सारवलं मी.”

ती खाटेवर बसून फडकं पिळत होती. “मंग पुन्हा सारवा. तुमाले दुसरं काम काय हाय?”

“पाय दाखव.”

“तुमच्या घरातल्या काचेनं पाह्यला. तिच्याहून तुमाले जास्त दिसते काय?”

“मले रगत दिसते. दाखव म्हनलं ना.”

तिनं पाय पुढे केला नाही. मीच खाली बसून तो धरला आणि वळवला. ती लाथ मारेल असं वाटलं होतं, पण तिनं नुसतं तोंड फिरवलं. टाचेवर सुपारीहून मोठं काळं होतं. कागदावर तेल पसरावं तशी त्याची कड पसरली होती, एकीकडे तपकिरी, एकीकडे निळसर. मधोमध मांस वर आलं होतं, आणि तिथून रक्त झिरपत होतं. ते काय आहे हे मला कळलं नाही. एवढं कळलं की फडकी रोज बदलावी लागत होती आणि सुधाकरला तिनं सांगितलं नव्हतं.

मी घरात आले. प्रतीक्षा मुलाला भरवत होती. मी सांगितलं, वच्छलाच्या पायातून रक्त वाहतं आहे, तिला चिठ्ठी पाहिजे.

“आई, मी चिठ्ठी नाही देऊ शकत. आरसा देते.”

“आरशाले चूक कळत नाही काय?”

तिनं हातातला घास ताटात परत ठेवला. मग हळूच म्हणाली, “त्याले नाही कळत. मले कळते. वर्षभर झालं, त्यानं एका बाईले विचारलं नाही.”

“मंग बोलली काऊन नाहीस?”

“कोणाले बोलू? हिरवं गाव म्हनून पाटी लावली, शाल देल्ली. मी म्हनू की हे खोटं आहे? पहिलं मलेच काढतीन. अन् बायका काय म्हनतीन? पुन्हा लाल, पुन्हा गाडी. त्याच मले दगड मारतीन.”

“चिठ्ठी कशी भेटंन थे सांग.”

तिनं मुलाचं तोंड पुसलं, मग सांगितलं. आरसा अर्धं लक्ष डागाकडे देतो आणि अर्धं लक्ष माणूस कोणत्या गावचं आहे याकडे. माळझरीचा माणूस म्हटलं की बिब्बा. पण हाच पाय जिथं कुणी बिब्बे फोडत नाही अशा गावच्या आरशापुढे, गावाचं नाव न सांगता, पाहुणी म्हणून धरला, तर तो नुसता डाग बघेल. तिचं माहेर सोनवाडी, कापसाच्या पट्ट्यात. तिथं तिच्या भावाच्या घरी आरसा होता.

“मंग उद्या चाल,” मी म्हणाले.

“उद्या अखजी आहे. आणि असं करनं नियमात नाही.”

“तू नेत नसशीन तर मी ही काच अंगणात नेऊन फोडतो. मंग बस नियम वाचत.”

तिला माहीत होतं मी फोडेन. अखजीच्या दिवशी पितरांना पान वाढून आम्ही तिघी जीपनं निघालो. वच्छला पुढच्या सीटवर बसली, आम्ही मागे. वाटेत एकदाच वच्छला मागे न बघता म्हणाली, “माही लेक आत्या चालली नाही. माहा पाय बरा चालला.”

सोनवाडीला प्रतीक्षाच्या भावजयीनं चहा टाकला. तो होईपर्यंत वच्छलानं स्टुलावर बसून काचेकडे पाय केला. काच क्षणभर थांबली. मग अख्खी खोली लाल झाली आणि तोच गोड आवाज म्हणाला, “तळपायावर गंभीर बदल दिसतो. तातडीने त्वचारोगतज्ज्ञांना भेटा.”

वच्छला त्या लाल उजेडात बसून होती. “हे तीच पोरगी हाय ना?” ती म्हणाली. “घरी खोटं अन् परगावात खरं. आपल्याच घरान्यातली दिसते.”

भावजय हसायला लागली आणि आमची तोंडं पाहून थांबली.

दवाखान्याच्या दारातल्या यंत्रानं लाल चिठ्ठी पाहिली आणि वाट दिली. आत डॉक्टर तापडिया म्हणून तरुण बाई होत्या. तोडून बोलायच्या. त्यांनी पाय दिव्याखाली घेतला, बराच वेळ पाहिला, मग जांघेत बोटं दाबून पाहिली.

“इतके दिवस काय करत होतात?”

“तुमच्या दारातल्या खांबाले इचारा,” वच्छला म्हणाली. “त्यानं मले घरी धाडलं.”

डॉक्टरबाईंनी त्यांच्या पडद्यावर काहीतरी उघडलं, वाचलं आणि बंद केलं. त्यानंतर त्यांचा आवाज उतरला. त्यांनी आम्हाला समजावलं. बिब्ब्याचा डाग वरच्या कातडीत बसतो. कातडी सतत जुनी होऊन गळत असते आणि खालून नवी येत असते. तळव्याची कातडी जाड, म्हणून तिथं वेळ लागतो, पण डाग जुन्या कातडीबरोबर निघून जातो. हा डाग खालून येतो आहे. कातडी गळते, हा राहतो आणि पसरतो.

“गोऱ्या लोकांना हा रोग जास्त करून उन्हानं होतो, पाठीवर, पोटऱ्यांवर,” त्या म्हणाल्या. “आपल्यासारख्या सावळ्या माणसांत तो तसा कमी. पण होतो तेव्हा पुष्कळदा तळपायाला, तळहाताला किंवा नखाखाली होतो. तिथं उन्हाचा संबंध नसतो. आणि तिथं कुणी बघतही नाही. तळव्यावरचा काळा डाग महिना-दोन महिने गेला नाही, वाढला, रंग बदलला, त्यातून रक्त आलं, नखाखाली काळी रेघ रुंद होत गेली, तर आरसा काहीही म्हणो, यायचं.”

“यायचं कुठून?” वच्छला म्हणाली. “दार उघडत नाही तुमचं.”

“माझं नाव सांगा. मी खाली येईन.”

तुकडा तपासून आला. रोगच होता, खोल गेलेला, आणि जांघेतल्या गाठीत उतरलेला. त्यांनी टाच काढली, गाठी काढल्या. नवी औषधं निघाली होती, शरीराच्याच शिपायांना रोग ओळखायला शिकवणारी. डॉक्टरबाई म्हणाल्या, लवकर आल्या असत्या तर नुसतं कापून भागलं असतं. आता औषधानं काही काळ मिळेल, किती ते सांगता येणार नाही. वच्छलानं विचारलं, “हंगाम भेटंन काय एखादा?” त्या म्हणाल्या, भेटेल.

मग आरशाचा प्रश्न राहिला. डॉक्टरबाईंनी प्रतीक्षाला फोन केला. यंत्र उत्तरांनी बिघडलं, तर उत्तरांनीच सुधारेल, असं त्या म्हणाल्या. गावातल्या प्रत्येक बाईनं पुन्हा काचेपुढे यावं आणि पूर्वी लावलेलं बोट मागे घ्यावं. जो डाग नक्की बिब्ब्याचा तो बिब्बा, ज्याची खात्री नाही त्याला माहीत नाही म्हणायचं.

प्रतीक्षानं दवंडी दिल्यासारखं घरोघर सांगितलं. एकही बाई आली नाही. वच्छलाच्या नशिबात होतं ते झालं, असं त्या म्हणाल्या. पुन्हा लाल लागलं तर मुलींची लग्नं कशी होतील, असंही म्हणाल्या. केसरबाई तर तोंडावर बोलली, “तुह्या सासूच्या भांडनापायी आमी कायले पाय दाखवत फिरावं?” प्रतीक्षा घरी येऊन रडली आणि मग माझ्यावर ओरडली. तिचं ओरडणं बरोबर होतं की नाही हे मी ठरवत बसले नाही. तिच्या हातात आता शाल होती आणि गावात तोंड नव्हतं.

हे सगळं कुडापलीकडे ऐकू जात होतं.

पुढचा हंगाम लागला त्या दिवशी वच्छला कुबडीवर शेडमध्ये आली. गोडंबीची ती पत्र्याची शेड गावाबाहेर आहे, सगळ्या बायका तिथं एकत्र बसतात. सुधाकरनं तिची खाट दाराशीच टाकली होती. ती खाटेवर बसली आणि कुबडी दारात आडवी धरली.

“आत जानारीनं पाय दाखवून जायचं.”

बायका हसल्या. पहिली आली ती रंजना, केसरबाईची सून, नवीनच लग्न झालेली. ती अवघडली. “काकू, तुमच्याकडं पाय कसा करू मी? मोठ्या माणसाकडं.”

“पाप लागंन त माह्या नावावर लाव. मले लय दिवस सांभाळाचं नाही थे.”

“जाऊ द्या ना काकू.”

“हे पाह्य.” वच्छलानं लुगडं वर घेऊन आपला कापलेला पाय पुढे केला. टाचेच्या जागी नुसता शिवलेला गोळा होता. “हे बिब्बा होतं म्हने. पाय कर.”

रंजनानं पाय केला. मग तिच्यामागची. मग तिसरी. वच्छला राखेनं माखलेला पाय मांडीवर घ्यायची, पदरानं पुसायची, बोटं फाकवून बघायची, आणि प्रत्येकीला काही ना काही बोलायची. एकीला म्हणाली, “भेगात जवारी पेर, पीक येईन.” दुसरीला, “पाय धुत जाय व, नवरा हाय ना तुले.” केसरबाई पाय देईना, तेव्हा तिनं केसरबाईच्या माहेरची अशी गोष्ट काढली की ती मुकाट्यानं पुढे झाली. कुठे डाग जुना वाटला, कुठे बाईला आठवेना कधीचा, तिथं ती म्हणे, “हिले काचेकडं धाड. अन् बोट लावू नको म्हना, तोंडानं सांग, मालूम नाही म्हना.” प्रतीक्षा बाजूला उभी राहून नावं ध्यानात ठेवत होती. दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या. वच्छला हवेत बोले आणि प्रतीक्षा मान हलवी.

शेवटी मी राहिले.

“मोठीबाई, तुमी काऊन उभ्या? या.”

मी थोरली. आजवर तिनं माझ्या पायांना हात लावला तो नमस्काराला, आणि तोही मनाविरुद्ध. मी खाटेच्या कडेला पाय ठेवला. तिनं तो पुसला, वळवला, नखं दाबून पाहिली.

“टाच साफ हाय,” ती म्हणाली. “काळं असंन तर वर कुठं असंन. थे मले दिसत नाही.”

बायका हसल्या. मी पाय काढून घेतला आणि आत जाऊन बसले.

त्या आठवड्यात आरशापुढे रांग लागली. काचेला आता बिब्बाही ऐकायला येत होतं आणि माहीत नाही हेही ऐकायला येत होतं. तिचा जुना अंदाज ढळू लागला. पहिल्यांदा कुणाला तरी पिवळा लागला तेव्हा प्रतीक्षा दारात येऊन नुसती उभी राहिली. तिघींना डॉक्टर तापडियांकडे पाठवलं. दोघींचा बिब्बाच निघाला. तिसरी रंजना. तिच्या डाव्या पायाच्या दोन धाकट्या बोटांच्या बेचक्यात मसुराएवढा डाग होता. खाटेवर वच्छलानं तिथंच बोट ठेवून विचारलं होतं, हे कधीचं, आणि तिला सांगता आलं नव्हतं. तो रोग होता, पण पातळ होता, वरच्या थरातच. डॉक्टरांनी भोवतीच्या कातडीसकट तो कापला, गाठी तपासल्या, त्या स्वच्छ होत्या. टाके घालून घरी पाठवलं.

केसरबाई त्यासाठी वच्छलाकडे कधी गेली नाही. आपल्या सुनेला चारचौघींत नागवं केलं, असं ती अजून म्हणते. वच्छलाला कुणी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “जित्ती हाय ना सून? मंग भांडू दे.”

वेशीवरची हिरवी पाटी काढली. नियम मोडून दुसऱ्या गावचा आरसा वापरला म्हणून प्रतीक्षाचं काम गेलं, आणि आरसा शाळेच्या खोलीत हलवला. दवाखान्याच्या दारात आता खांबाशेजारी एक माणूस बसतो. चिठ्ठी नसली तरी तो डाग पाहून आत पाठवू शकतो. हे डॉक्टर तापडियांनी भांडून करून घेतलं असं ऐकलं. प्रतीक्षा माझ्याशी कामापुरतं बोलते. शाल तिनं परत केली नाही.

वच्छलाला तो हंगाम पुरा मिळाला. दर दिवशी खाट शेडच्या दाराशी असे. पावसाळ्यात खोकला लागला, मग रोग फुप्फुसात दिसला. मी रोज नळाचं पाणी भरून कुडाच्या फटीतून तिच्या बाजूला कळशी सरकवत होते. ती घेत होती. कळशी गळकी आहे, एवढंच म्हणायची. कूड काढायचं कुणीच बोललं नाही, आणि तो अजून तसाच आहे.

रंजना जिवंत आहे. पायात बूट घालून बिब्बे फोडते. वच्छला दोन हजार पंचेचाळीस सालच्या कार्तिकात, शनिवारी सकाळी, तिच्या बाजूच्या घरात वारली.